ठाण्याच्या ट्रामचे सहा थांबे

ठाण्यात ट्राम कधी नव्हती. पण ट्रामचे थांबे होते. चांगले सहा. आणि ते सगळे एकट्या टिपणिसांनी घातले होते.

स्टेशनातून बाहेर पडलं की उजव्या हाताच्या पहिल्याच खांबावर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, लाल तेलरंगाचा एक पट्टा असे आणि त्याखाली ठसठशीत अक्षरं: ‘येथे ट्राम थांबेल’. दुसरा थांबा बाजारात. तिसरा माझ्या वखारीसमोर. चौथा तळ्याच्या कोपऱ्यावर, पाचवा खोपटला, आणि सहावा त्याच्याही पुढे, जिथे दिवाबत्तीचे खांब संपतात आणि शेतं सुरू होतात तिथे. खांबच नसल्यामुळे तो थांबा त्यांनी एका ताडाच्या झाडावर रंगवला होता.

दर वर्षी गणपतीच्या आधी नगरपालिकेचा शिपाई घासलेटात बुडवलेली चिंधी घेऊन हे थांबे पुसायला निघे. टिपणीस त्याच्याबरोबर जात. त्याची शिडी धरत, त्याला चहा पाजत. शिपाई म्हणे, “साहेब, यंदा रंग जरा पातळ लावा. घासून घासून खांदा भरून येतो.” टिपणीस म्हणत, “बरं हं,” आणि दसऱ्याला सहाच्या सहा थांबे पुन्हा जाड रंगात झळकत.

सकाळी फिरायला निघाले की ते रस्त्याच्या कडेने चालत नसत. रूळ जिथे पडणार तिथून, म्हणजे बरोबर मधून चालत. प्रत्येक थांब्याशी उभे राहत, खिशातलं घड्याळ बघत आणि अर्ध्या मिनिटाने पुढे निघत. मागून बैलगाडीवाला ओरडला तर मान न वळवता म्हणत, “रुळावरून बाजूला तू व्हायचंस.”

हे मी कौतुकाने सांगतो आहे असं कुणी समजू नये. या माणसाने मला एका जागेत घातलं आहे. ती जागा अजून माझ्या नावावर आहे आणि राग अजून माझ्या नाकावर.

मी सावंत. संगमेश्वराकडून एका धोतरानिशी आलो, बंदरावर लाकडांच्या मोळ्या उचलल्या आणि पुढे जळाऊ लाकडाची आणि कोळशाची स्वतःची वखार घातली. घासाघीस केल्याशिवाय मी आजवर काही घेतलेलं नाही. माझ्या लग्नात भटजींशीसुद्धा मंगलाष्टकांवरून घासाघीस केली होती. सात म्हणणार होते, पाचावर आणली. डोकं लवकर तापतं हेही खरं आहे, पण कोळशाच्या धंद्यात थंड डोक्याचा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. एका सकाळी वखार उघडायला आलो तर समोरच्या खांबापाशी, स्टुलावर, काळा कोट आणि काळी टोपी घातलेला एक किडकिडीत गृहस्थ रंगाचा डबा घेऊन उभा.

“ओ, काय चाललंय?”

“तिसरा थांबा,” खाली न बघता उत्तर आलं.

“कसला थांबा?”

“ट्रामचा.”

“ट्राम कुठाय?”

“अहो, आधी थांबा, मग ट्राम. पाळणा आधी आणतात की मूल आधी होतं?”

“आमच्यात मूल आधी होतं.”

“म्हणून तुमच्यात धांदल उडते.” मग ते स्टुलावरून उतरले, चष्मा पुसला आणि माझ्या वखारीकडे बराच वेळ बघत राहिले. “तोंड फिरवा.”

“कुणाचं?”

“वखारीचं. उतारू त्या अंगाला उतरणार. उतरल्या उतरल्या त्याच्यापुढे काय येणार, तर कोळशाची रास! एखादी बाई शुभ्र पातळ नेसून उतरली तर? रास मागे घ्या आणि पुढे उदबत्त्या ठेवा.”

“वखारीत उदबत्त्या?”

“उद्या म्हणाल, टिपणीस, आधी का नाही सांगितलंत?”

मी त्यांना हाकललं. ते निघाले ते रस्त्याच्या मधोमध चालत चौथ्या थांब्याकडे गेले.

मग कळलं की हा माणूस मुंबईत तीसेक वर्षं ट्रामवर होता. कंडक्टर म्हणून लागला आणि तपासनीस म्हणून निवृत्त झाला. माझ्या वखारीमागच्या गल्लीत त्यांच्या वडिलार्जित घराचा दोन खोल्यांचा वाटा होता, तिथे नवरा-बायको येऊन राहिले होते. मूलबाळ नव्हतं. बायको कुणाला दिसत नसे. टिपणीस मात्र सगळ्या गावाला दिसत. नोकरी सुटली तरी तोंडातली ट्राम सुटली नव्हती. देवळात कीर्तनाला गर्दी झाली की मागून आवाज येई, “पुढे सरका, आत जागा आहे!” आणि गंमत म्हणजे लोक सरकत. एकदा एका तेराव्याच्या पंगतीत त्यांनी असंच सगळ्यांना पुढे सरकवलं, आणि खुद्द यजमान पानाशिवाय राहिले.

रोज सकाळी तिसऱ्या थांब्यावर ते अर्धा मिनिट थांबत. त्या अर्ध्या मिनिटात मला ट्रामशास्त्राचा एक धडा मिळे.

“सावंत, घोडा मनात येईल तिकडे जातो. बस आज या रस्त्याने जाते, उद्या साहेब बदलला की त्या. रूळ मात्र हलत नाहीत. रूळ म्हणजे वचन. म्हणून वाणी रुळाशेजारी दुकान घालतो.” अर्धं मिनिट संपलं की वाक्य असेल तिथे सोडून चालू लागत. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

“शेवटच्या थांब्यावर एक बाई शेवग्याच्या शेंगा घेऊन बसायची. एक टोपली. दोन वर्षांनी बघतो तर शेजारी तिच्या तिन्ही सुना, चार टोपल्या.”

“परळच्या अलीकडे एक चाळ होती. मालकाला भाडेकरू मिळेना. रूळ पडले मात्र, मालक दार उघडेना.”

“आण्याभरात कारकून परळहून कोटातल्या कचेरीत जातो. पायी गेला असता तर पोचेपर्यंत दुपारच्या सुट्टीची वेळ झाली असती. आता तो लांब राहू शकतो. लांब राहतो म्हणून मोठी खोली घेतो. मोठी खोली म्हणून चूल मोठी. चूल मोठी म्हणून लाकूड जास्त.” आणि माझ्याकडे बोट करून, “कुणाचं?”

मी म्हणे, “चला, पुढच्या थांब्यावर उशीर होईल.” पण माझ्या आत एक दुसरा सावंत बसलेला आहे. तो ओरडत नाही, नुसता ऐकतो. त्याने ऐकलं. आणि ताडाच्या झाडाजवळची, जिथे सहावा थांबा अजून रंगवायचा होता ती जागा घ्यायची असं त्याने ठरवलं.

जागा पांडू म्हात्रेची. खाडीकडच्या गावातला जुना शेतकरी, भाव करण्यात माझ्या तोडीचा. मी ट्रामचं नाव काढलं नाही.

“शेट, तथं म्हशी बी नाय बसत,” तो म्हणाला. “तुमी कनाला घेता?”

“लाकडं वाळवायला.”

“ओल्या जागंन लाकरं वालवाला?” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग हसणं थांबवून त्याने डोळे बारीक केले आणि भाव वाढवला. निकामी जागा मागणारा माणूस वेडा नसेल तर त्याला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे, एवढं तो ओळखून होता.

तीन महिने मी त्याला खाली ओढत होतो. उन्हात उभा राहिलो, रागावून निघून गेलो, परत आलो, पुन्हा निघून गेलो. अखेर माझ्या आकड्यावर आला. दुसऱ्या दिवशी कागद करायचे. दुसऱ्या दिवशी गेलो तर पांडू कमरेवर हात ठेवून ताडाकडे बघत उभा. झाडावर ताजा लाल पट्टा.

“शेट, त्यो टिपनीस सकालीच रंग लावून गेला. हथं ट्राम येनार हाय म्हने. आता त्या भावान नाय जमाचा.”

म्हणजे टिपणिसांनी थांबा रंगवला, त्याने माझ्याच जागेचा भाव चढला, आणि त्या चढलेल्या भावाने ती जागा मलाच घ्यावी लागली. मी धावत तिसऱ्या थांब्यावर आलो आणि त्यांना रस्त्यात धरलं. मी काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. ते शांतपणे ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

“सावंत! अहो रूळसुद्धा पडले नाहीत, नुसता रंग लागला, तर भाव चढला! सिद्धांत खरा ठरला!” आणि भर रस्त्यात त्यांनी मला मिठी मारली.

त्या दिवसापासून माझं हित आणि टिपणिसांचं वेड एका खुंट्याला बांधलं गेलं. ट्राम आली तर माझ्या जागेचं सोनं. नाही आली तर चिखल. म्हणून नगरपालिकेकडे द्यायच्या त्यांच्या ट्रामच्या अर्जावर मी पहिली सही केली, आणि सही करत नव्हते त्यांच्यावर ओरडून त्यांच्याही घेतल्या.

अर्ज पाच वर्षं फिरत होता. त्याला जोडलेल्या नकाशाला दरवर्षी नवीन शेपूट फुटे. एका वर्षी कोलशेतपर्यंत फाटा. दुसऱ्या वर्षी तर कल्याण आणि डोंबिवली! डोंबिवलीला माझे मेहुणे राहतात. त्यांनी पत्र लिहून विचारलं की आमच्याकडे थांबा कुठे येणार, त्याप्रमाणे ओटा बांधतो. मी उत्तर दिलं नाही.

टांगेवाले अर्थातच विरुद्ध. स्टेशनावरचा उस्मान त्यांचा म्होरक्या. टिपणीस पहिल्या थांब्यावर उभे राहिले की तो घोड्याच्या मानेवर थाप मारून ओरडे, “साब, आपकी ट्राम आएगी तो मेरा शेरू क्या करेगा?”

“कंडक्टर होईल. तुझ्यापेक्षा कमी बोलतो.”

सगळे टांगेवाले हसत, उस्मान सर्वांत मोठ्याने. एकदा तो म्हणाला, “साब, गुस्सा छोडो. कभी भाभीजी को लेके बैठो, तालाब घुमाके लाता हूँ. पैसा नहीं लूँगा.”  घड्याळात अर्धं मिनिट व्हायचं होतं, तरी टिपणीस निघाले.

शेवटी नगरपालिकेच्या समितीने टिपणिसांना बोलावलं. मीही गेलो. नऊ सभासद, मधे अध्यक्ष, आणि सगळ्यांपुढे चहा. टिपणिसांनी नकाशा उघडला नाही. म्हणाले, “ट्राम सांगून कळत नाही. बसून कळते. उठा.”

तीस वर्षं लोकांना उठवण्या-बसवण्यात गेलेला तो आवाज. नऊ मोठी माणसं चहा सोडून उठली. पाच मिनिटांत त्यांनी खुर्च्या दोन ओळींत लावल्या, मधे वाट ठेवली, अध्यक्षांना पुढे उभं करून त्यांच्या हातात छत्री दिली, हँडल म्हणून. एक वजनदार आडत्या सभासद होते, ते दोन खुर्च्यांत बसले. “एका तिकिटात एकच जागा,” टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी मुकाट्याने एक मांडी आवरली.

“आता आपण स्टेशनावरून निघालो. अध्यक्षसाहेब, डावीकडे वळण आहे, हळू. बाजार! कोण उतरतंय? वकीलसाहेब, उतरा. तुमचं अशील इथेच भेटतं. डॉक्टर, तुम्ही चढा.”

देवाशपथ सांगतो, चौथ्या थांब्यापर्यंत ती खोली चालत होती. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्ष छत्री फिरवून वळणं घेत होते. मला तर ताडाचं झाड दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीत बसलेल्या एका तरुण सभासदाने विचारलं, “टिपणीस, मुंबईतच आता एकेक मार्ग बंद करून रूळ उखडताहेत. आणि तुम्ही ठाण्यात घालायला निघालात?”

खोली थांबली.

“म्हणूनच,” टिपणीस म्हणाले. “रूळ स्वस्तात मिळतील.”

आधी अध्यक्ष हसले. मग सगळेच. छत्री टेबलावर ठेवली गेली, खुर्च्या परत गोल झाल्या. अर्ज एकमताने नामंजूर.  बाहेर आल्यावर टिपणीस रस्त्याच्या कडेने चालत घरी गेले.

मी रात्रभर तापत राहिलो आणि सकाळी त्यांच्या घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो: या माणसाने मला त्या जागेत घातलं, याने ती माझ्याकडून घ्यावी, त्याच भावाने, नाहीतर गल्ली गोळा करतो. इतक्या वर्षांत त्यांच्या घराची पायरी मी पहिल्यांदाच चढत होतो. त्यांनी कधी बोलावलंच नव्हतं. जे बोलणं ते रस्त्यावर.

टिपणीस घरी नव्हते. आतल्या पाटावर एक बाई बसल्या होत्या, समोर हाताने फिरवायचं शिवणयंत्र, त्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं झाकलेलं.

“या भावोजी. तुम्ही सहावा थांबा ना?” त्या म्हणाल्या. “आवाजावरून ओळखलं. रोज भिंतीतून ऐकू येतो. उठत नाही, राग मानू नका. हा पाय लहानपणच्या तापात गेला.”

मी ओरडायला घेतलेला श्वास तसाच गिळला. पण आलो ते काम सांगितलं.

“जागा विकता? किती म्हणता?”

मी आकडा सांगितला.

“पावसात तिथे गुडघाभर पाणी असतं म्हणे. मग ती जागा की तळं? तळ्याचा भाव सांगा.”

“वहिनी, पाणी चार महिने. उरलेले आठ?”

“उरलेले आठ म्हशींचे. त्यांना उठवायला माणूस ठेवावा लागेल. त्याचा पगार वजा करा.”

मी जरा पुढे सरकून बसलो. वीस वर्षं धंदा करतोय, पण असं कुणी भेटलं नव्हतं. मी हात झटकले, त्यांनी नाक मुरडलं. मी उठून दारापर्यंत गेलो, त्यांनी खुशाल जाऊ दिलं. मीच परत आलो. दहा मिनिटांत त्यांनी मला निम्म्यावर आणलं आणि मी चक्क “बरं” म्हटलं.

“घेत नाही हं,” त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. “पैसे कुठले आमच्याकडे! फार वर्षांत घासाघीस केली नव्हती, म्हणून.”

मग त्यांनी सांगितलं. मुंबईत त्या पोलकी शिवत. गाठोडं बांधायचं आणि ट्रामने निघायचं. गिरगावात एक दुकान, भुलेश्वरला एक, दादरला एक. ट्रामची पायरी जमिनीपासून वीतभर, पाटावर चढावं तशी. ड्रायव्हर ओळखीचे, त्या नीट बसेपर्यंत गाडी हलत नसे. “पाय नव्हता भावोजी, पण सगळी मुंबई पायाखाली होती. दुकानदार माझ्या नावाने बोटं मोडायचे. यांनासुद्धा माहीत नसायचं मी कुठे आहे.” इथे टांग्यात चढायचं तर दोघांनी उचलून ठेवावं लागतं, गाठोड्यासारखं. एकदा चढल्या होत्या. पुन्हा नाही.

“यांची नोकरी संपली, खोली सोडायची वेळ आली. मी म्हटलं, ठाण्याला येणार नाही. तेव्हा हे म्हणाले, अगं, ठाण्याला ट्राम मंजूर झालीय. दोन वर्षांत रूळ पडतील.”

“मंजूर?” मी म्हटलं.

“कुठली मंजूर! खोटं बोलायची सवय नाही हो त्यांना. कान लाल होतात. ठाण्याला उतरलो तेव्हा तर मानेपर्यंत लाल होते. दुसऱ्या दिवशी जाऊन रंगाचा डबा घेऊन आले.”

“मग तुम्हाला कळलंय हे त्यांना सांगत का नाही?”

त्या यंत्रावरचं फडकं सारखं करत राहिल्या. “एक खोटं बोलले, ते खरं करायला इतकी वर्षं उन्हातान्हात हिंडताहेत. सांगितलं तर घरी बसतील. आणि बसले की माझ्या पायाकडे बघत बसतील. कालपासून तेच चाललंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही एक करा. त्यांच्याशी भांडणं सोडू नका. न येणाऱ्या ट्रामसाठी कुणी भांडत नाही. तुम्ही ओरडलात की त्यांना वाटतं, येईल.”

तेवढ्यात टिपणीस दारात आले. मला बघून त्यांच्या तोंडचा रंगच उडाला. एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे बघितलं. काल समितीत काय झालं हे मी बोललो तर नाही ना, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

मी टाळू तापवून ओरडलो, “टिपणीस! माझा सहावा थांबा कुठाय? मी किती दिवस चिखलात पैसे कुजवू? पुढचा अर्ज कधी देताय ते बोला, नाहीतर बघून घेतो!”

त्यांनी श्वास सोडला. “सोमवारी, सावंत,” ते म्हणाले. “सोमवारीच देतो.”

वहिनी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होत्या. सुई कुठे होती देव जाणे.

त्यानंतर मी रोज नेमाने भांडलो. मला ते जड गेलं नाही.

वर्षभराने स्टेशनापासून गावातून जाणारी बस सुरू झाली. बाजारातून आली, माझ्या वखारीसमोर थांबली, आणि तळ्यावरून भलतीकडेच वळली. माझी जागा तिने सोडून दिली. मी वैतागलो. टिपणीस आनंदतील असं वाटलं होतं, पण ते पहिल्या बसशी गेले, वाकले, पायरीला हात लावला आणि तो हात तसाच आपल्या गुडघ्याच्या वर नेऊन बघितला. तसेच परत आले.

मी माझ्या सुताराला बोलावलं. फणसाचं चांगलं लाकूड काढून दिलं आणि दोन रुंद पायऱ्यांची, बाजूला कठडा असलेली घोडी करून घेतली. पायरी वीतभर, जास्त नाही. मग बसच्या कंडक्टरला गाठलं. तो म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं थांब. तो म्हणाला, दहा सेकंद. मी हात झटकले, तो शिट्टी वाजवायला निघाला. अर्ध्या मिनिटावर जमलं.

टिपणिसांना मी सांगितलं, “ही घोडी वखारीला नको आहे. जागा अडवते. काय करायचं ते करा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गल्लीतून आले. चाळीस पावलांना त्यांना बराच वेळ लागला. वहिनी हिरवं लुगडं नेसल्या होत्या, टिपणिसांच्या काखेत गाठोडं. बस आली. मी घोडी लावली. वहिनींनी कठडा धरला, एक पायरी, दुसरी, आणि आत गेल्या. टिपणिसांनी गाठोडं वर दिलं आणि मागे सरकून उभे राहिले.

“अहो, चढा की!” मी म्हटलं.

ते जागचे हलले नाहीत. कंडक्टरने शिट्टी मारली. बस निघाली.

मला कळेना. मी ओरडलो, “टिपणीस, डोकं ठिकाणावर आहे का? बाईमाणसाला एकटं पाठवलंत?”

“एकटीच जायची ती,” ते म्हणाले.

बस तळ्याच्या वळणाकडे लहान होत गेली. त्यांनी चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“सावंत, मला नीट दिसलं नाही. तिने मागे वळून बघितलं का हो?”

मी बघितलं होतं. वहिनी कंडक्टरला बोट दाखवून सुट्ट्या पैशांवरून काहीतरी सुनावत होत्या. इकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

“बरं झालं,” टिपणीस म्हणाले. “मुंबईतही कधी बघायची नाही.”